‘झेवियर’ या विशेषनामाचा प्रवास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात व्यक्ती, घटना आणि स्थळे यांचा जेवढा विचार होतो, तेवढा विशेषनामांचा होत नाही. नाव म्हणजे केवळ ओळखीची खूण, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः एखादे परकीय नाव आपल्या भाषेत कोणत्या रूपात स्थिरावले, यावरून ते कोणत्या मार्गाने आले, कोणी आणले आणि येताना वाटेत काय गळून पडले, हे समजू शकते. या दृष्टीने महाराष्ट्र आणि गोवा या प्रदेशांत सर्वपरिचित असलेले ‘झेवियर’ हे नाव अभ्यासनीय ठरते. सोळाव्या शतकातील एका संताचे हे नाव आज मराठीत इंग्रजी विशेषनाम म्हणून वावरते. मुंबईत ते महाविद्यालयाचे नाव आहे, कोल्हापुरात शाळेचे आहे, तर व्यवस्थापनशास्त्राच्या एका प्रवेशपरीक्षेत ते केवळ एका अक्षरापुरते उरले आहे. ज्या व्यक्तीचे हे नाव, ती इंग्रज नव्हती; तिच्या हयातीत इंग्रजांचा भारताशी राजकीय संबंधही आलेला नव्हता. फ्रान्सिस झेवियरचा मृत्यू १५५२ मध्ये झाला आणि ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना १६०० मध्ये, म्हणजे त्यानंतर ४८ वर्षांनी झाली. असे असताना हे नाव मराठीत इंग्रजी रूपात का रूढ झाले आणि त्या रूपामुळे इतिहासाच्या आकलनावर कोणता परिणाम झाला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नावाचे मूळ : एक घर

फ्रान्सिसचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावारे राज्यातील झेवियर नावाच्या गढीत झाला. पिरिनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेले हे राज्य त्या वेळी स्वतंत्र होते. त्याचे वडील हुआन दे हासो हे नावारेच्या राजदरबारातील अधिकारी होते, तर आई मारिया दे आस्पिलकुएता हिच्या घराण्याकडून झेवियरची गढी या कुटुंबाकडे आली होती. फ्रान्सिसने वडिलांचे ‘हासो’ हे नाव न लावता आईकडील गढीचे नाव लावले. त्यामुळे ‘झेवियर’ हे मुळात व्यक्तिनाम नाही, तसेच ते संतनामही नाही. ते एका वास्तूचे नाव आहे. बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. ‘एचेबेरी’ म्हणजे ‘नवे घर’ या शब्दाचे झिजलेले रूप म्हणजे हे नाव होय. ‘एचेवेरिया’ हे स्पॅनिश भाषिकांत आढळणारे आडनावही याच मुळापासून आलेले आहे.

ही प्रक्रिया मराठी वाचकास अपरिचित नाही. गावाच्या नावाला ‘कर’ प्रत्यय लावून आडनाव सिद्ध करण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. ‘फ्रान्सिस्को दे झेवियर’ याचा मराठी वळणाने अर्थ केल्यास तो ‘झेवियरकर फ्रान्सिस्को’ असाच होईल. वास्तूचे नाव वास्तूच्या बाहेर पडून स्वतंत्रपणे नांदते, याचे उदाहरण भंडारा जिल्ह्यातही सापडते. साकोली तालुक्यातील सानगडी या गावाचे नाव तेथील सहानगड या किल्ल्याशी जोडले जाते. किल्ल्याचे आज अवशेषच उरले असले, तरी ‘गड’ हा शब्द गावाच्या नावातून रोज उच्चारला जातो आणि उच्चारणाऱ्यास किल्ल्याची आठवण होतेच असे नाही. नावारेतील गढीचेही असेच झाले. तिच्या नावाचा अर्थ विसरला गेला आणि नाव मात्र जगभर पसरले.

फ्रान्सिसला ‘स्पॅनिश संत’ म्हणण्याची पद्धत आहे. तीही काळजीपूर्वक वापरली पाहिजे. तो सहा वर्षांचा असताना, १५१२ मध्ये, कॅस्टिलच्या सैन्याने नावारे जिंकले. १५१६ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस याच्या आज्ञेने झेवियरच्या गढीचे बुरूज पाडण्यात आले. १५२१ मध्ये पाम्प्लोना येथे झालेल्या संघर्षात फ्रान्सिसचे भाऊ कॅस्टिलच्या विरोधी पक्षात होते, तर त्याच लढाईत कॅस्टिलच्या बाजूने लढताना इग्नेशियस लोयोला जखमी झाला. पुढे पॅरिसमध्ये हेच दोघे एकत्र आले आणि १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्र येथे घेतलेल्या शपथेतून जेझुइट संघाचा पाया घातला गेला. अर्थात फ्रान्सिसचे ‘स्पॅनिश’ असणे हे त्याच्या घराच्या पराभवातून आलेले विशेषण आहे. त्याची मातृभाषा बास्क होती.

एका अक्षराची अनेक उच्चारणे

या नावाचे आद्याक्षर रोमन लिपीतील ‘एक्स’ आहे. निरनिराळ्या भाषांत या अक्षराला निरनिराळा ध्वनी मिळाल्यामुळे एकाच लेखनातून अनेक नावे निर्माण झाली. सोळाव्या शतकाच्या आरंभी कॅस्टिलियन भाषेत या अक्षराचा उच्चार ‘श’ असा होता. पुढे तो ध्वनी घशातून उच्चारल्या जाणाऱ्या ‘ख’कडे सरकला. १८१५ मध्ये स्पॅनिश अकादमीने लेखनसुधारणा करून या ध्वनीसाठी ‘एक्स’ऐवजी ‘जे’ हे अक्षर निश्चित केले. त्यामुळे स्पेनमध्ये हे नाव आज ‘हाविएर’ असे ऐकू येते आणि त्याचे लेखनही बदललेले आहे. सर्व्हान्टिसच्या सुप्रसिद्ध नायकाच्या नावाचेही असेच झाले. स्पॅनिशमध्ये तो ‘किहोते’ आहे, फ्रेंचमध्ये ‘किशोत’ आहे आणि इंग्रजीच्या मार्गाने आलेल्या मराठी रूपात तो ‘क्विक्झोट’ झाला आहे.

पोर्तुगीज भाषेने मात्र ‘एक्स’चा ‘श’ हा उच्चार टिकवून ठेवला. म्हणून पोर्तुगीजमध्ये हे नाव ‘शाव्हिएर’ असे आहे आणि कोकणीतही ते त्याच वळणाने उच्चारले जाते. आधुनिक बास्क भाषेतील ‘शाबिएर’ हे रूपही याच्या जवळचे आहे. इंग्रजीत शब्दारंभी येणाऱ्या ‘एक्स’ला ‘झ’सदृश ध्वनी मिळतो. ‘झेरॉक्स’ आणि ‘झायलोफोन’ हे शब्द मराठीत याच नियमाने आले आहेत. ‘झेवियर’ हे रूपही त्याच पंक्तीत बसते.

यातून एक लक्षणीय निष्कर्ष निघतो. या संताच्या स्वतःच्या काळातील उच्चाराला माद्रिदचे ‘हाविएर’ किंवा लंडनचे ‘झेवियर’ यांपैकी कोणतेही रूप तितके जवळचे नाही, जितके बार्देश-साष्टीतील शेतकऱ्याच्या तोंडचे ‘शाव्हियेर’ आहे. ज्या रूपाला ग्रांथिक मराठीत ‘स्थानिक अपभ्रंश’ म्हटले जाण्याचा संभव आहे, तेच रूप इतिहासदृष्ट्या अधिक प्रामाणिक ठरते.

गोव्यातील नाव आणि नावाविना ओळख

फ्रान्सिस ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचला. त्यानंतरच्या दहा वर्षांत दक्षिणेतील मोती काढणाऱ्या कोळ्यांची किनारपट्टी, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि १५४९ पासून जपान असा त्याचा संचार झाला. १५४४ ते १५४८ या काळात तो पोर्तुगीजांच्या ताब्यातील वसई येथेही आला होता. चीनमध्ये प्रवेश मिळण्याची वाट पाहत असताना ३ डिसेंबर १५५२ रोजी शांगचुआन बेटावर त्याचा मृत्यू झाला. त्याचा देह प्रथम मलाक्का येथे आणि १५५४ मध्ये गोव्यात आणण्यात आला. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यास संतपद दिले. त्याच दिवशी इग्नेशियस लोयोला, तेरेसा, इसिद्रो आणि फिलिप नेरी यांनाही संतपद मिळाले. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बॅसिलिकेत त्याचे अवशेष आहेत. साधारणतः दहा वर्षांनी त्यांचे जाहीर दर्शन घडविले जाते. असे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले.

गोव्यातील सामान्य भाविक मात्र या संताचा उल्लेख बहुधा नावाने करीत नाही. त्याच्या तोंडी ‘गोंयचो सायब’ हे शब्द असतात. ‘साहेब’ हा मूळ अरबी शब्द दख्खनच्या राजवटींतून मराठी-कोकणीत रुळलेला होता. नावारेच्या बास्क संताला गोव्याने जे आपलेपणाचे नाव दिले, ते पोर्तुगीज नाही आणि लॅटिनही नाही. ते मुसलमानी अमदानीतून आलेल्या शब्दाने घडलेले देशी नाव आहे. वारकरी संप्रदायात ज्ञानेश्वरांचे नाव न घेता ‘माउली’ म्हटले जाते आणि ते कोणाविषयी आहे हे सांगावे लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. भक्तीचा संबंध दृढ असला की विशेषनामाची गरज उरत नाही. संस्थेला मात्र विशेषनामाची गरज असते. ‘सायब’ आणि ‘झेवियर’ या दोन रूपांतील अंतर हे येथूनच सुरू होते.

त्या काळी गोव्यात नावे पोर्तुगीज साच्यातच घडत, याचा पुरावा एका इंग्रज माणसाच्या नावातून मिळतो. ‘क्रिस्तपुराण’ या १६१६ मध्ये मुद्रित झालेल्या मराठी ग्रंथाचा कर्ता थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला. पोर्तुगीज राजवटीत त्याचे नाव ‘तोमास एस्तेव्हांव’ झाले आणि त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापल्या गेलेल्या कोकणी व्याकरणावरही त्याच रूपात ते आले. आज मराठी वाङ्मयेतिहासात तो ‘फादर स्टीफन्स’ आहे. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रज माणसाचे नाव पोर्तुगीज होत होते आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत पोर्तुगीज मार्गाने आलेल्या संताचे नाव इंग्रजी झाले. सत्ता आणि शिक्षणाची भाषा बदलली, तशी नावांची दिशाही बदलली.

इंग्रजी भाषेत प्रवेश

इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यानंतरच्या काळात संतपद मिळालेल्या या जेझुइटाचे नाव इंग्रजीत सहजासहजी रुजणे शक्य नव्हते. ते कॅथलिक वर्तुळातूनच आले. कवी जॉन ड्रायडन याने कॅथलिक पंथ स्वीकारल्यानंतर १६८८ मध्ये फ्रान्सिस झेवियरचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. तेही स्वतंत्र नसून दोमिनिक बूहूर या फ्रेंच जेझुइटाच्या ग्रंथाचा अनुवाद होते. अशा रीतीने हे नाव इंग्रजीत फ्रेंचच्या द्वारे आले आणि ‘एक्स’ हे आद्याक्षर जसेच्या तसे घेऊन इंग्रजी वाचनाच्या नियमाने उच्चारले जाऊ लागले. स्पेनने १८१५ मध्ये हे अक्षर सोडले, तरी इंग्रजीने ते सोडले नाही. म्हणून इंग्रजी रूप लेखनात जुने आणि उच्चारात नवे, असे विलक्षण मिश्रण झाले आहे.

अमेरिकेत या नावाचा पुढील टप्पा दिसतो. सिनसिनाटी येथील १८३१ मध्ये स्थापन झालेली शिक्षणसंस्था १८४० मध्ये जेझुइटांकडे आली आणि तिला संत झेवियरचे नाव मिळाले. १९३० मध्ये ती ‘झेवियर विद्यापीठ’ झाली, तेव्हा नावातील ‘संत’ हा शब्द गळाला. १९६३ पासून प्रसिद्ध होणाऱ्या ‘एक्स-मेन’ या चित्रकथांतील प्राध्यापक चार्ल्स झेवियर याचा तर संताशी काहीही संबंध नाही. संतनामाचे सामान्य इंग्रजी विशेषनामात रूपांतर पूर्ण झाल्याचे हे लक्षण आहे.

याच्या तुलनेत कॅलिफोर्नियातील ‘सान दिएगो’ हे नाव पाहण्यासारखे आहे. अल्कालाचा संत दिएगो याच्या नावावरून सेबास्तियन विस्काइनो याने १६०२ मध्ये त्या ठिकाणाला हे नाव दिले. पुढे तो प्रदेश इंग्रजी भाषिक झाला, तरी ‘सान’चे ‘सेंट’ झाले नाही. स्पॅनिश रूप तसेच राहिले आणि इंग्रजी उच्चाराने बोलले जाऊ लागले. स्थळाचे नाव भूमीला चिकटलेले असते, म्हणून ते भाषा बदलूनही टिकते. झेवियरचे नाव मुंबईत आले ते भूमीला नव्हे, तर संस्थेला चिकटून आले. संस्थेची भाषा इंग्रजी असल्याने संतही ‘सेंट’ झाला.

मुंबई, १८६९

मराठीतील इंग्रजी रूपाचा निर्णायक टप्पा म्हणजे मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयाची १८६९ मधील स्थापना होय. या स्थापनेतील भाषिक वस्तुस्थिती लक्षात घेण्यासारखी आहे. महाविद्यालय ज्यांनी स्थापन केले, ते जर्मन जेझुइट होते. ज्याचे नाव दिले, तो नावारेचा बास्क होता. त्याचा संप्रदाय गोव्यात पोर्तुगीज आश्रयाने वाढला होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने जर्मन धर्मगुरूंना शत्रुराष्ट्राचे नागरिक मानून स्थानबद्ध केले व परत पाठविले. त्यानंतर १९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या कार्याची जबाबदारी स्पेनमधील आरागॉन प्रांताच्या जेझुइटांकडे आली. या संपूर्ण साखळीत इंग्रज जवळजवळ कोठेच नाहीत. तरीही नाव इंग्रजी झाले, कारण १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची भाषा इंग्रजी होती आणि विद्यापीठाशी संलग्न व्हायचे तर त्या भाषेतच नाव नोंदवावे लागे. नावाचे रूप ठरविणारी शक्ती नाव देणाऱ्याची मातृभाषा नसून कार्यालयाची आणि परीक्षेची भाषा असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

स्पेनमधून आलेल्या या जेझुइटांपैकी एकाचे नाव भारतीय इतिहासलेखनात कायमचे नोंदले गेले आहे. १८८८ मध्ये बार्सिलोना येथे जन्मलेले एन्रिक हेरास १९२२ मध्ये मुंबईस आले आणि त्यांनी १९२६ मध्ये या महाविद्यालयात भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापन केली. १९५५ मध्ये त्यांच्या निधनानंतर संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. मात्र भारतीय अभ्यासकांना ते ‘हेन्री हेरास’ किंवा ‘फादर हेरास’ म्हणूनच माहीत आहेत. जी प्रक्रिया संताच्या नावावर झाली, तीच त्याच्या नावाच्या महाविद्यालयात येऊन अध्यापन करणाऱ्या त्याच्या देशबांधवाच्या नावावर झाली. पुण्यातील पाषाण भागात १९६१ मध्ये सुरू झालेल्या शाळेचे ‘लॉयोला’ हे नावही असेच आहे. मूळ बास्क स्थळनामातील ‘लो’ इंग्रजी उच्चाराच्या संस्काराने मराठीत ‘लॉ’ झाला.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र गोव्याचेच आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली आणि १९६३ मध्ये म्हापसा येथे ‘सेंट झेवियर्स’ महाविद्यालय सुरू झाले. ज्या बार्देशात चार शतके ‘शाव्हियेर’ हा उच्चार रूढ होता, तेथे स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांतच महाविद्यालयीन शिक्षणाच्या भाषेबरोबर नावाचे इंग्रजी रूप आले. यात कोणाची सक्ती नव्हती. उच्च शिक्षणाच्या व्यवस्थेत सामील होण्याचा तो स्वाभाविक परिणाम होता.

मराठी व्याकरणातील ‘झेवियर्स’

मराठीने हे नाव दोन रूपांत स्वीकारले. व्यक्तीसाठी ‘झेवियर’ आणि संस्थेसाठी ‘झेवियर्स’. दुसऱ्या रूपातील ‘स’ हा इंग्रजीतील षष्ठीचा प्रत्यय आहे. ‘सेंट झेवियर्स कॉलेज’ म्हणजे संत झेवियरचे महाविद्यालय. परंतु मराठीने हा प्रत्यय प्रत्यय म्हणून ओळखला नाही. तो नावाचाच भाग मानला. म्हणून ‘झेवियर्समध्ये शिकला’, ‘झेवियर्सला प्रवेश मिळाला’ असे प्रयोग होतात. ‘झेवियर्सचा विद्यार्थी’ या प्रयोगात तर षष्ठी दोनदा येते, एकदा इंग्रजी आणि एकदा मराठी. बोलणाऱ्याला त्यात काहीही वावगे वाटत नाही, कारण पहिल्या षष्ठीचा स्वामी, म्हणजे तो संत, त्याच्या मनात नसतोच. व्यक्तीचा विसर पडल्याची नोंद व्याकरणाने अशी करून ठेवली आहे.

देशी संतांच्या नावांच्या संस्थांशी तुलना केल्यास हा फरक अधिक स्पष्ट होतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ किंवा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ या नावांत षष्ठीचा प्रत्यय नाही. आदरवाचक शब्द आणि नाव यांची सरळ जोडणी आहे. बोलताना लोक ‘नागपूर विद्यापीठ’ किंवा ‘अमरावती विद्यापीठ’ असे म्हणतात, म्हणजे संक्षेप करताना संताचे नाव बाजूला ठेवून गावाचे नाव घेतात. संताचे नाव संक्षिप्त करणे मराठी मनाला रुचत नाही. ‘झेवियर्स’च्या बाबतीत नेमके उलट घडते, ‘सेंट’ आणि ‘कॉलेज’ दोन्ही गळतात आणि संतनामच संस्थेचे बोलीतील नाव होते. नागपुरात सेंट फ्रान्सिस डी’सेल्स या सव्हॉयच्या संताचे नाव असलेल्या संस्थांचा उल्लेख ‘एसएफएस’ असा होतो. तेथे संत तीन अक्षरांत सामावला आहे. जमशेदपूर येथे १९४९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एक्सएलआरआय’ या संस्थेच्या नावातील ‘एक्स’ म्हणजे झेवियर. तिच्या ‘झॅट’ या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे नावारेची गढी केवळ एका ध्वनीच्या रूपाने उभी असते.

येथे ‘सेंट’ आणि ‘संत’ या शब्दांविषयीही सांगितले पाहिजे. ध्वनिसाम्यामुळे हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे असावेत असे वाटते. परंतु ‘सेंट’ हा ‘पवित्र केलेला’ या अर्थाच्या लॅटिन ‘सांक्तुस’ शब्दापासून आला आहे, तर ‘संत’ हा ‘असणे’ या अर्थाच्या ‘अस्’ धातूच्या ‘सत्’ या रूपापासून. पहिल्या शब्दात अधिकृत मान्यतेची कल्पना आहे, दुसऱ्यात सत्यनिष्ठ अस्तित्वाची. वसई परिसरातील मराठी भाषिक कॅथलिक समाज ‘संत फ्रान्सिस झेवियर’ असे लिहितो, तेव्हा तो केवळ भाषांतर करीत नाही. चर्चच्या मान्यतेने ठरलेल्या पदाला मराठी परंपरेतील शब्दाचा अर्थ जोडतो. ‘सेंट झेवियर्स’ आणि ‘संत झेवियर’ ही म्हणूनच एकाच नावाची दोन भाषांतील रूपे नसून दोन वेगळ्या नात्यांची नावे आहेत.

नाव आणि ऐतिहासिक स्मृती

नावाच्या रूपांचा हा विचार केवळ भाषिक कुतूहलाचा विषय नाही. फ्रान्सिस झेवियरची ऐतिहासिक भूमिका वादग्रस्त आहे. १६ मे १५४६ रोजी अंबोन बेटावरून पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव यास लिहिलेल्या पत्रात त्याने भारतात इन्क्विझिशन स्थापन करण्याची मागणी केली होती. गोव्यातील इन्क्विझिशन त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये, सुरू झाले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. मराठीचे साक्षेपी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या न्यायसंस्थेचा इतिहास मांडला आहे. त्याचबरोबर आजारी माणसांची शुश्रूषा करणारा, किनाऱ्यावरील गरीब कोळ्यांत राहून त्यांच्या भाषेत प्रार्थना शिकविणारा धर्मोपदेशक हेही त्याचेच रूप आहे. गोव्यात ‘सायबा’च्या दर्शनास हिंदू भाविकही जातात, ही वस्तुस्थितीही इतिहासाचाच भाग आहे.

‘झेवियर्स’ हे इंग्रजी रूप या दोन्ही बाजूंना सारखेच दूर ठेवते. मुंबईच्या महाविद्यालयाचे नाव घेणाऱ्याला १५४६ चे पत्र आठवत नाही आणि कोळीवाड्यातील प्रार्थनाही आठवत नाही. त्याला दगडी इमारत, ग्रंथालय आणि प्रवेशाची यादी आठवते. नावाचे असे निरपेक्ष होणे आधुनिक शिक्षणसंस्थेच्या दृष्टीने उपकारक ठरले असावे, कारण सर्व धर्मांचे विद्यार्थी त्या नावाखाली निःसंकोच एकत्र आले. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्याची किंमतही मोजावी लागली. इंग्रजी रूपामुळे हा धर्मोपदेशक ब्रिटिश अमदानीतील मिशनऱ्यांच्या मालिकेत नकळत जाऊन बसतो. सोळाव्या शतकातील पोर्तुगीज राजसत्ता आणि चर्च यांचे एकमेकांत गुंतलेले स्वरूप आणि एकोणिसाव्या शतकातील शाळा-महाविद्यालयांचे मिशनकार्य या दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली एकरूप होतात. मग टीकाकार एका काळाचा दोष दुसऱ्या काळावर लादतो आणि समर्थक दुसऱ्या काळाचे श्रेय पहिल्यास देतो. दोघेही ‘झेवियर’ म्हणतात. परंतु दोघांचा झेवियर एक नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘झेवियर’ हे मूळचे बास्क भाषेतील गृहनाम असून त्याचे आडनाव, संतनाम, संस्थानाम आणि शेवटी केवळ आद्याक्षर असे क्रमाने रूपांतर झाले. प्रत्येक टप्प्यावर नावाचा प्रसार वाढला आणि अर्थ कमी होत गेला.

२. मराठी-कोकणी प्रदेशात हे नाव दोन मार्गांनी आले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज मार्गाने ‘शाव्हियेर’ आणि एकोणिसाव्या शतकात विद्यापीठीय शिक्षणाच्या मार्गाने ‘झेवियर’. पहिला मार्ग भक्तीचा आणि राजसत्तेचा, दुसरा शिक्षणाचा आणि कार्यालयाचा. मूळ उच्चाराशी पहिले रूप अधिक जवळचे आहे.

३. इंग्रजी रूप इंग्रजांनी रुजविले, असे म्हणता येत नाही. ते जर्मन आणि स्पॅनिश धर्मगुरूंनी चालविलेल्या, परंतु इंग्रजी माध्यम स्वीकारलेल्या संस्थांमुळे रुजले. भाषेचे वर्चस्व ती भाषा बोलणाऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर तिला मिळालेल्या संस्थात्मक स्थानावर अवलंबून असते.

४. ‘झेवियर्स’ या मराठीतील रूपात इंग्रजी षष्ठी गोठलेली असून तिच्यामुळे व्यक्ती आणि संस्था यांची फारकत पूर्ण झाली आहे.

मराठी इतिहासलेखनात रूढ झालेले ‘झेवियर’ हे रूप टाळावे, असा या विवेचनाचा आग्रह नाही. रूढीला भाषेत अधिकार असतो आणि वाचकाच्या सोयीसाठी प्रस्तुत लेखातही तेच रूप स्वीकारले आहे. परंतु सोळाव्या शतकातील गोव्याविषयी लिहिताना किमान एकदा ‘शाव्हियेर’ या रूपाची नोंद केल्यास विषय कोणत्या काळाचा आणि कोणत्या सत्तेखालील आहे, याचे भान वाचकास राहील. संस्थेविषयी लिहिताना ‘झेवियर्स’, धर्मोपदेशकाविषयी लिहिताना ‘झेवियर’ किंवा ‘शाव्हियेर’ आणि गोव्याच्या लोकश्रद्धेविषयी लिहिताना ‘गोंयचो सायब’ असा भेद पाळणे कठीण नाही. एका माणसाची ही तीन नावे तीन वेगळे इतिहास सांगतात. ते वेगळे ठेवल्यास टीका आणि आदर या दोहोंनाही योग्य स्थान मिळू शकते.